सोबत कुणाला तरी घ्या

"दवाखान्यात बी चहाच मागितला साहेबांनी," कचरूकाका म्हणाले आणि त्यांनी बशीतला चहा आवाज करत ओढला. "सिस्टर न्हाई म्हणली. मंग मीच खाली टपरीवर गेल्तो. शर्टाच्या आत लपवून आणला. दोन घोट घेतले आन् म्हणले, कचरू, तू जीप चालवायचा तसाच चहा आणला, आर्धा रस्त्यात सांडून."

ते हसले. मीही हसले असणार, कारण त्यांनी खूश होऊन बशी पुन्हा भरली. कचरूकाकांनी बावीस-तेवीस वर्षं पोलीस खात्यात गाडी चालवली, त्यातली बरीचशी बाबांच्या शेजारी बसून. बाबा फौजदार म्हणून निवृत्त झाले आणि त्यांच्या पाठोपाठ हेही. पण जालन्यातल्या मस्तगडच्या या घरात ते अजूनही चपला बाहेर काढून, दारात क्षणभर थांबून, मगच आत येतात.

"हे केव्हा?" मी विचारलं.

"कवा म्हंजे? त्याच दिवशी. भुजंगानं तुला फोन लावल्याच्या किती तरी नंतर. दुपार कलल्ती."

मी कप खाली ठेवला. घरातलं एखादं कपाट कुणीतरी रात्रीतून वीतभर सरकवावं, काहीतरी बदललंय हे कळावं पण काय ते कळू नये, तसं काहीतरी माझ्या आत होत होतं. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. कचरूकाका मोसंबीच्या भावाबद्दल बोलू लागले होते. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते आणि मनात एकच वाक्य मागेपुढे करत होतं: दुपारी बाबांनी चहा मागितला. गेला दीड महिना मी ज्या दिवसाची आठवण घेऊन जगत होते त्या दिवशी दुपारी बाबा नव्हतेच. सकाळीच गेले होते. मला ते पुण्यात, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, खडूचे हात धुता धुता कळलं होतं.

कळलं होतं म्हणजे भुजंगकाकांचा फोन आला होता. भुजंगकाका बाबांच्या हाताखाली हवालदार होते. मला ते लहानपणापासून ओळखतात आणि तरी फोनवर नेहमी आधी स्वतःचं पूर्ण नाव सांगतात. "भुजंग शेजूळ बोलतोय, जालन्याहून. साहेबांना सरकारी दवाखान्यात दाखल केलंय. घाबरण्यासारखं काही न्हाई. सावकाश निघा. सोबत कुणाला तरी घ्या." इतकंच. आवाज सपाट होता, इस्त्री केल्यासारखा. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. काय झालं, कसे आहेत, बोलतात का, काहीही विचारलं नाही. समोरच्या बेसिनमध्ये पांढरं पाणी गोल फिरत खाली जात होतं, ते संपेपर्यंत मी नळ बंद केला नाही. मग फोनही बंद केला. पूर्ण बंद. कारण आता तो वाजला तर दुसऱ्या कुणीतरी ते प्रत्यक्ष उच्चारलं असतं, आणि मला ते रस्त्यात ऐकायचं नव्हतं.

फौजदाराची मुलगी असल्यामुळे मला ते वाक्य येत होतं. आम्ही अंबडच्या पोलीस लाइनीत राहायचो तेव्हा आमच्याकडे फोन होता आणि लाइनीतल्या इतरांकडे नव्हता. एका संध्याकाळी बाबा जेवत असताना फोन वाजला. बाबा उष्ट्या हातानं उठले, डाव्या हातानं रिसीव्हर धरला आणि कुणाला तरी सांगू लागले, "अपघात आहे, पण घाबरण्यासारखं काही नाही. दाखल केलंय. सावकाश निघा, सोबत कुणाला तरी घ्या." मग परत येऊन भाकरी मोडली. मी दहाएक वर्षांची असेन. "तो बरा होईल का हो?" मी विचारलं. बाबांनी घास चावून संपवला आणि म्हणाले, "तो सकाळीच गेला." आईनं त्यांच्याकडे रागानं पाहिलं. "मग तुम्ही खोटं बोललात," मी म्हणाले. बाबा चिडले नाहीत. एखादं गणित समजावून सांगावं तसं म्हणाले, "त्याच्या भावाला मोटरसायकलवर यायचंय. रस्त्यावर असलेल्या माणसाला खरं सांगायचं नसतं, ज्योत्स्ना. त्याच्या हातात हँडल असतं." पुढे कितीतरी वेळा मी ते वाक्य ऐकलं, बाबांच्या तोंडून, भुजंगकाकांच्या तोंडून, नव्यानं आलेल्या शिपायांच्याही तोंडून, शब्द थोडे इकडेतिकडे, पण शेवट तोच. बाबाच शिकवायचे त्यांना. मी अभ्यास करत बसलेली असायचे आणि दाराशी एखादा पोऱ्यासारखा शिपाई उभा असायचा आणि बाबा त्याला सांगत असायचे, आवाज खाली ठेव, घाई करू नको, आणि सोबतीचं सांगायला विसरू नको, एकट्या माणसाला बस स्टँडवर रडू येतं.

मी औरंगाबादला होस्टेलवर असताना आई गेली. बाबांचा फोन आला. "आईला जरा बरं नाही. सावकाश निघ. सोबत मैत्रिणीला घे." मी मैत्रिणीला घेतलं नाही. रिकाम्या एसटीत मागच्या बाकावर बसून मी जालन्यापर्यंत स्वतःला सांगत राहिले की आपले बाबा आपल्याला ते वाक्य सांगणार नाहीत. इतर कुणालाही सांगतील, आपल्याला नाही. जुन्या जालन्यातून रिक्षा गल्लीत वळली तेव्हा दारासमोर माणसं दिसली. बाबांशी मी त्याबद्दल कधी बोलले नाही, तेही कधी बोलले नाहीत. पण त्यानंतर फोनवर कुणीही, कशाहीबद्दल, सगळं ठीक आहे असं म्हणालं की मी निघायची तयारी करते. मोठेपणी मी पुष्कळ वाचलं, शोकावर लिहिलेली पुस्तकं तर जरा जास्तच. त्यांत माणसं बातमी ऐकून कोसळतात किंवा दगड होतात, पण बातमी कुणीतरी देतं, हे सगळ्यांनीच गृहीत धरलेलं असतं.

म्हणून त्या दिवशी मी सावकाश निघाले. सांगितलं होतं तसं. घरी जाऊन पांढरी साडी घेतली, कारण पुढच्या विधीला ती लागणार होती. वाकडेवाडीला बस लागलेलीच होती. ती सोडून मी पुढची घेतली, मला खिडकी हवी होती म्हणून. नगरजवळ बस थांबली तेव्हा मी खाली उतरून कॉफी प्यायले, आणि नंतर थोडी झोपलेदेखील. वाटभर मी बाबांना पोचवत होते. त्यांच्या कपाळावरची उभी शीर, बूट काढताना मोजे आधी झटकायची सवय, बाबासाहेबांच्या फोटोला रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसणं. एकेक आठवून मी घडी करून ठेवत होते. संभाजीनगरला गाडी बदलताना मला वाटलं, मी हे नीट करते आहे. बाबांना आवडलं असतं. आणि त्याच वेळी, कचरूकाका आता सांगत होते, बाबा उशीला टेकून बसले होते आणि चहा सांडला म्हणून त्यांची थट्टा करत होते.

दवाखान्याच्या फाटकाशी मी उतरले तेव्हा संध्याकाळ झाली होती. खात्यातली दहा-बारा निवृत्त माणसं भिंतीशी उभी होती, पँटशर्टात, एक-दोघं धोतरात, पण सगळी हाताच्या अंतरावर. कुणी सांगितलं नसताना ओळ लागली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मला माहीत आहे, असा तिचा अर्थ होता. त्यांना हायसं वाटलेलं मी पाहिलं. कुणी काही बोललं नाही, त्यांनी वाट दिली आणि मी आत गेले. भुजंगकाका ओळीत शेवटी होते, त्यांनी मात्र वर पाहिलं नाही.

"भुजंगाचंच बोलायला आल्तो मी खरं तर," कचरूकाका म्हणाले. मोसंबीचं बोलणं संपलं होतं. "तुला आमची हजेरी ठाऊक हाये ना?"

मला ठाऊक होती. निवृत्तीनंतर बाबांनीच ती लावली. रोज सकाळी बाबा भुजंगकाकांना एक रिंग द्यायचे आणि कट करायचे. भुजंगकाकांनी कचरूकाकांना द्यायची, कचरूकाकांनी भोकरदनच्या धर्मराज हवालदारांना, असं पुढे पुढे, आणि शेवटच्यानं पुन्हा बाबांना. फिरून रिंग आली की सगळे हजर. कुठे अडली तर ज्याच्यावर अडली त्याच्या घरी जवळच्यानं जायचं. बाबांनीच त्या दिवशी रिंग दिली नाही, म्हणून भुजंगकाका धावत आले आणि त्यांना खुर्चीत घामानं भिजलेले सापडले. मी पुण्याहून महिन्यातून एकदा यायचे आणि या प्रकाराला हसायचे. म्हाताऱ्यांची शाळा, म्हणायचे.

"साहेब न्हाईत तर आता पयली रिंग भुजंगाची," कचरूकाका म्हणाले. "तो देतच न्हाई. सकाळी सगळे उठून फोनकडं पाहून राह्यलो. धर्मराज म्हणतो तू सुरू कर. मी कसा करू? मी गाडीवाला, मागच्या नंबरचा. मी गेल्तो भुजंगाकडं, सळईच्या मिलवर, तर गेटच्या आतून म्हणतो, ड्यूटी हाये. मला म्हणतो ड्यूटी हाये. आम्ही दोघांनी एका ताटात खाल्लंय."

"ते का देत नाहीत?"

त्यांनी बशी उपडी केली, परत सरळ केली. "ते त्यालाच विचार, ताई. तू बोलावलं तर न्हाई म्हणणार न्हाई. बस माझ्या मागं, नेतो. सांडणार न्हाई तुला, बिलकुल."

स्कूटरवर मी त्यांच्या खांद्याला धरून बसले होते. रस्त्यात लोखंडाच्या सळ्या बाहेर डोकावणारे ट्रक, सळ्यांच्या टोकाला बांधलेली लाल फडकी. एमआयडीसीत हवेला एक जळका, गोडसर वास असतो. तो लहानपणीही होता की मला आता जाणवतो, हे मला ठरवता येईना. मी मनात प्रश्न जुळवत होते. मला एवढंच हवं होतं: बाबांनी माझी वाट पाहिली का. ते शुद्धीत होते आणि मुलीचा फोन आला नाही, दुपारभर आला नाही, याचा त्यांनी काय अर्थ लावला. ते मुलीला हाका मारणारे नव्हते. न विचारता ते दाराकडे बघत बसले असतील, आणि कुणी आत आलं की चष्मा घातला असेल, आणि काढला असेल. हे चित्र मी पाहू शकत नव्हते आणि दुसरं काही दिसत नव्हतं.

मिलच्या फाटकाशी वजनकाटा होता आणि शेजारी पत्र्याची केबिन. भुजंगकाका तिथे सिक्युरिटी सुपरवायझर आहेत. निळा शर्ट, खांद्यावर शिट्टीची दोरी, डोक्यावर टोपी. मला पाहून ते उभे राहिले. मग कचरूकाकांकडे पाहिलं.

"तुला अक्कल न्हाई का रे? हिला कशाला आणलं हितं, धुरात?"

"ड्यूटी करतोय," कचरूकाका म्हणाले. "मला काय, मी ड्रायव्हर. बसवलं की नेतो." आणि ते स्कूटर घेऊन काट्याच्या पलीकडे, लिंबाखाली जाऊन थांबले.

केबिनमध्ये एक टेबल होतं, पाण्याचा जार, बंद पडलेला पंखा. आत कुठेतरी लोखंड पडल्याचा आवाज येत होता, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा.

"बाबा दुपारपर्यंत होते," मी म्हणाले.

"व्हते." त्यांनी मान खाली घातली. "मंग कचऱ्यानं सांगितलंच."

"काका, मला वाटलं..."

"म्हाईत हाये मला तुला काय वाटलं." ते इतक्या झटकन बोलले की मला कळलं, दीड महिना ते हेच वाक्य घेऊन बसले आहेत. "फोन ठेवला आन् मंग ध्यानात आलं. सोबत कुणाला तरी घ्या. मी हे कुणाला म्हणलो? साहेबाच्या पोरीला. पण दवाखान्याच्या दारातून फोन लावायचा म्हंजे दुसरं वाक्य मला येतच न्हाई, माय. पस्तीस वर्ष तेच म्हणलो. आपोआप आलं. परत लावला तर तुझा फोन बंद. लावीत राह्यलो. तवापासून सकाळची रिंग द्यायला बी फोन उचलवत न्हाई."

टेबलावरच्या काचेखाली कुठल्या तरी देवाचं कॅलेंडर होतं, मागच्या वर्षीचं.

"साहेबांनी इचारलं, पोरीला कळवलं का. म्हणलं, हो. तर म्हणले, काय बोलला? तू तर ओळखतीस त्यांना. शब्दान् शब्द लागायचा. मी सांगितलं बराबर जसं बोललो तसं. डोळे मिटले त्यांनी. मला वाटलं, आता शिव्या खाणार. तर हसले. छातीला हात लावून हसले. म्हणले, येड्या, मंग ती मला पोचवूनच यायची आता. म्हणलं, साहेब, फोन बंद लागतोय. म्हणले, लागणारच. बंद केला आसंल. माझीच हाये ती, रस्त्यात ऐकायची न्हाई." भुजंगकाकांनी ओठ घट्ट मिटले, मग सोडले. "मी म्हणलं, दोन माणसं पाठवतो नगरला, बसमध्ये पाहतील. म्हणले, नको. येऊ दे तिला सावकाश. अन् मंग कचऱ्याला म्हणले, चहा आण."

बाहेर एक ट्रक काट्यावर चढला आणि केबिनचा पत्रा थरथरला. मला वाटत होतं की आता मला काहीतरी हलकं वाटायला हवं. त्यांना कळलं होतं. ते दाराकडे बघत बसले नव्हते, मी कुठे आहे आणि काय करते आहे ते त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. मी बसमध्ये त्यांना पोचवत होते आणि ते उशीला टेकून, मी त्यांना पोचवते आहे हे जाणून, मला सावकाश येऊ देत होते. मी खिडकीसाठी बस सोडली नसती तर? कॉफी प्यायले नसते तर? हा हिशेब माझ्यात सुरू झाला होता आणि मला माहीत होतं की तो आता थांबणार नाही. पण त्याच्याही खाली दुसरं काहीतरी होतं, आणि ते बाहेर आलं तेव्हा मलाच नवल वाटलं.

"काका," मी म्हणाले, "मला अजून कुणी सांगितलं नाही."

"काय?"

"बाबा गेल्याचं. तुम्ही दाखल केलंय म्हणालात. फाटकाशी मी मान हलवली, तर तुम्ही सगळ्यांनी वाट दिली. आत डॉक्टर म्हणाले, सह्या करा, मी न वाचता केल्या. कार्यक्रमात भंतेजींनी गाथा म्हटल्या. पण मला कुणी सांगितलं नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, असं काय बोलतीस. पण त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला, थकवा त्यातून निघून गेला आणि मी ज्यांना लहानपणी लाइनीत पाहिलं होतं ते हवालदार समोर आले. त्यांनी दार लोटलं. भिंतीशी असलेली खुर्ची उचलली, ओढली नाही, आणि दाराकडे पाठ येईल अशी माझ्यासमोर ठेवली. "बसा," म्हणाले. मी बसले. जारमधून ग्लासभर पाणी घेतलं, माझ्या हातात दिलं आणि मी पिऊन होईपर्यंत ते थांबले. रिकामा ग्लास माझ्या हातातून काढून घेतला आणि लांब ठेवला. मग टोपी काढून बगलेत धरली आणि दुसरं स्टूल घेऊन माझ्यापेक्षा थोडे खाली बसले, म्हणजे मला वर बघावं लागू नये.

"ज्योत्स्नाबाई अण्णासाहेब खरात?"

"हो."

"मी भुजंग शेजूळ. तुमच्या वडिलांसंग काम केलंय मी." ते थांबले. आवाज सपाट नव्हता. तो खाली होता, इतकंच. "वाईट सांगायला आलोय. तुमचे वडील आज दवाखान्यात वारले. हार्टचा दुसरा झटका आला. मी जवळ व्हतो, कचरू व्हता. एकटे नव्हते."

कुणीतरी बाहेरून दार वाजवलं. "शेजूळसाहेब, पावती." ते मागे न वळता म्हणाले, "थांब जरा." आणि माझ्याकडे बघत राहिले. सांत्वन केलं नाही, हात धरला नाही. नुसते बसून राहिले. मला रडू आलं ते कुठून आलं ते मला कळलं नाही. फार दुरून, अंबडच्याही मागून, आवाज न करता. ते संपेपर्यंत किती वेळ गेला कुणास ठाऊक. ट्रकवाल्यानं दोनदा हॉर्न दिला.

"त्यांना त्रास झाला का?" मी विचारलं.

हा प्रश्न सगळेच विचारत असणार. आणि त्याचंही उत्तर ठरलेलं असणार. बाबांनी ते मला कधी सांगितलं नव्हतं, पण भुजंगकाकांच्या ओठांवर ते आलेलं मला दिसलं, तयार, गुळगुळीत, पस्तीस वर्षं वापरलेलं. त्यांनी ते तिथेच थांबवलं. टोपी मांडीवर ठेवली, तिच्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला.

"झाला," ते म्हणाले. "लई वेळ न्हाई. पण झाला."